ड्रायव्हरचा उजवा पाय

पायवाल्या मिस्त्रीनं एकदा देवाला शब्द दिला होता. देवाच्या तो लक्षात राहिला की नाही देव जाणे, गल्लीनं मात्र नीट लक्षात ठेवला.

झालं होतं असं. लग्नाला वर्षांमागून वर्षं गेली तरी पाळणा हलेना. मिस्त्री काही फार देवभोळा नव्हता, पण धंदा कृत्रिम पाय करण्याचा. रोज कोणी ना कोणी लंगडत दारात यायचं आणि चार दिवसांनी ताठ चालत जायचं. हे सगळं आपल्याच हातांनी होतं असं मानण्याइतका उद्धटपणा त्याला कधी जमला नाही. एके दिवशी त्यानं एका साच्यावर दोन्ही हात ठेवले आणि देवाला सांगितलं, "एक लेकरू दे. या दारातून मी कोणाला परत पाठवणार नाही. येईल त्याला माझ्या लेकराला केला असता तसा पाय करीन."

"असलं अभद्र काय बोलता हो देवापुढे?" बायको चिडली होती. "लेकरू मागता, आणि त्याच तोंडानं त्याला लाकडी पायही लावता?"

पण पुढल्याच वर्षी मुलगी झाली, दोन्ही पायांनी धडधाकट. आनंदाच्या भरात मिस्त्रीनं शब्दाची गोष्ट शेजारच्या शिंप्याला सांगितली. शिंप्याला सांगणं म्हणजे दवंडी पिटणंच. शिंप्यानं ती प्रत्येक सदऱ्याबरोबर घडी घालून घरोघरी पोचवली.

मुलगी मोठी झाली ती खालच्या कारखान्यातच. कारखाना म्हणजे एक लांबट खोली, भिंतीला टांगलेली पावलं, एक भट्टी आणि सगळीकडे पांढरी धूळ. प्लास्टरच्या साच्यावर तापवलेली प्लास्टिकची शीट ओढण्याआधी त्याला एक सुती मोजा चढवावा लागतो. एकही सुरकुती चालत नाही, नाहीतर ती पायात उमटते. हे काम मुलीनं कधी स्वतःकडे घेतलं, कोणाला कळलंही नाही. जीभ ओठात धरून ती मोजा ताणायची, वर फुलपाखराची गाठ मारायची आणि म्हणायची, "बाबा, हा तयार झाला शाळेला." मिस्त्री तिला मोजेवाली म्हणायचा.

एका दुपारी शाळा सुटल्यावर खडीचा एक ट्रक फुटपाथवर चढला. मोजेवाली जागच्या जागी गेली. ट्रक पुढे जाऊन भिंतीवर आदळला आणि ड्रायव्हरचा उजवा पाय गुडघ्याखाली चेचला गेला. माणूस दारू प्यायला होता हे सगळ्या रस्त्यानं हुंगलं, पण कोर्टापर्यंत तो वास टिकला नाही. वकिलानं ब्रेक निकामी झाल्याचं सिद्ध केलं. ड्रायव्हर कोर्टात एकच वाक्य बोलला, "ब्रेक लागला नाही." शिक्षा झाली ती हवापालट म्हणावी इतपत.

तेव्हापासून बायको खाली उतरली नाही. पायाचे चामडी पट्टे ती वरच बसून शिवायची आणि टोपलीला दोरी बांधून खाली सोडायची. मोजे मिस्त्री स्वतः चढवायचा. काम सुरू करताना साच्यावर हात ठेवून "देवा, याला चालव" एवढं म्हणायची त्याची जुनी सवय होती. तीही सुटली नाही, पण त्यातला ओलावा पार गेला.

आणि मग एके सकाळी कुबड्या टेकत ड्रायव्हर दारात आला.

"ओळखलंत ना, मिस्त्री?"

मिस्त्रीच्या हातातला स्क्रू खाली पडला. तो उचलायला वाकावं लागलं, हे बरंच झालं. त्याचं तोंड कोणाला दिसलं नाही.

"दुसरीकडे जाऊन आलो," ड्रायव्हर न विचारताच स्टुलावर बसला. "त्यांनी नुसता ओंडका बांधून दिला. चार पावलं टाकली की रक्त. तुमच्यासारखा पाय कोणी करत नाही म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"सगळेच. तो शिंपी तर म्हणाला, मिस्त्री नाही म्हणूच शकत नाहीत, देवाला शब्द दिलाय त्यांनी." ड्रायव्हर हसला. हसू वाईट नव्हतं, म्हणून जास्त झोंबलं. "झालं ते झालं, मिस्त्री. माझाही पाय गेलाच की."

एक पोर आणि एक पाय, फिट्टंफाट! सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे तर सुंभही धड जळला नव्हता. मिस्त्रीला वाटलं, भिंतीवरचं एखादं पाऊल काढून याच्या तोंडात मारावं. देव काहीच बोलला नाही. त्याला बोलायची गरजच नव्हती, मिस्त्री आधीच बोलून बसला होता.

"उद्या या," तो म्हणाला. "माप घेऊ."

संध्याकाळी वर गेला तर बायको पट्ट्याला भोकं पाडत होती.

"तो आला होता," ती म्हणाली. "आवाज विसरले नाही मी."

"हो."

"करणार?"

"शब्द दिलाय."

"ज्याच्यासाठी दिला होतात ते त्यानं परत नेलं. दुकानदारसुद्धा माल परत घेतला की पैसे परत देतो. तुमचा देव दोन्ही ठेवून घेतो?"

हाच प्रश्न मिस्त्रीनं स्वतः कितीदा विचारला होता आणि प्रत्येक वेळी त्याला जाणवलं होतं, की शब्द देताना आपण 'जोपर्यंत' असं काही म्हटलंच नव्हतं. देवानं त्याला फसवलं नव्हतं. देवानं तेवढी तरी पळवाट ठेवायला हवी होती.

पट्ट्यावरचा हात थांबवून बायकोनं विचारलं, अगदी मऊ आवाजात, "अहो, असल्या पायात माणसाला जास्त दुखतं तरी कुठे?"

ती इतक्या दिवसांनी कामाबद्दल काही विचारत होती. मिस्त्री भाबडेपणानं पाघळला. स्वतःच्या गुडघ्यावर बोट ठेवून त्यानं दाखवलं. "इथे, बाहेरच्या बाजूला, हाडाची गोटी असते बघ. तिच्या मागून एक शीर जाते. तिथे मी जांभळ्या पेन्सिलीनं फुली मारतो. जरा दाबलं तरी माणूस किंचाळतो."

"फुली," ती म्हणाली आणि पुन्हा भोकं पाडू लागली.

दुसऱ्या दिवशी माप घेतलं. उरलेल्या पायाला, खुंटाला, ओला मोजा घालायचा, दुखऱ्या जागांवर फुल्या मारायच्या, वरून प्लास्टरची पट्टी गुंडाळायची आणि ती घट्ट होईपर्यंत खुंट दोन्ही हातांत धरून बसायचं. मिस्त्री धरून बसला. मांस गरम होतं, आत रक्त ठणकत होतं. याच पायानं ट्रकचा वेग वाढवला होता. पाय संपतो तिथून खालचा भाग कुठल्याशा इस्पितळात जळून गेला असेल, पण गुन्हा काही तेवढ्या भागात नव्हता.

गोटीवर अंगठा गेला तसा ड्रायव्हर ओरडला, "हळू ना! जीव घेता का?"

मिस्त्रीनं अंगठा काढला. हातांना तशी सवयच होती.

आता या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. इथे सगळं उलटं असतं. मापाच्या खोळीत प्लास्टर ओतून खुंटासारखाच साचा करतात, आणि पाय त्या साच्यावर बेततात. म्हणून साच्यावर जिथे प्लास्टर चढवाल, तिथे पायात खोलगट जागा होते आणि दुखऱ्या हाडाला आराम मिळतो. जिथे घासाल, तिथे पाय टोचतो. ज्याला माहीत नाही त्याला नेमकं याच्या विरुद्ध वाटतं. मिस्त्रीनं स्वतः शिकताना ही चूक केली होती, आणि एक म्हातारा त्याच्यापुढे लहान मुलासारखा रडला होता.

साचा निघाला, खोळीतून उतरलेल्या फुलीसकट. मिस्त्रीनं नियमाप्रमाणे फुलीवर प्लास्टरचा पातळ थर चढवला, कडा बोटानं मिळवून घेतल्या. काम चोख झालं. मग सवयीनं साच्यावर हात ठेवले आणि "देवा, याला" इथे तो अडला. त्यानं पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडला.

कानस शेजारीच पडली होती. त्यानं ती उचलली आणि चढवलेला थर घासून टाकला. तिथेच थांबला असता तर पाय नुसता थोडा त्रास देणारा झाला असता. तो थांबला नाही. हाडाच्या गोटीवरच घासत गेला, फुलीची नुसती जांभळट सावली उरेपर्यंत. पांढरी भुकटी त्याच्या मांडीवर पडत होती. फार दिवसांनी त्याला काहीतरी गोड लागलं. हा पाय पहिल्या दिवशी टोचला नसता तेवढा पाचव्या दिवशी टोचला असता, आणि दहाव्या दिवशी ड्रायव्हरनं झोपेतही शिव्या घातल्या असत्या. कोणाला काही कळलंही नसतं. नवा पाय लागतोच, म्हणाले असते.

माझ्या लेकराला केला असता तसा, असं कोणीतरी आठवण करून दिल्यासारखं त्याच्या डोक्यात आलं.

"लेकरू आण मग," मिस्त्री मोठ्यानं म्हणाला.

तेवढ्यात जिना वाजला. बायको खाली आली होती. इतक्या दिवसांनी ती उंबऱ्यात उभी राहून खोली बघत होती, पाहुणी आल्यासारखी. मिस्त्रीनं घाईघाईत मांडीवरची भुकटी झटकली.

"मोजा मी चढवते," ती म्हणाली.

"तू? याला?"

"तिचंच काम होतं ना. आईनं नको का पुरं करायला? तुम्ही वर जाऊन जेवून घ्या. झाकून ठेवलंय."

मिस्त्री वर गेला. घास तोंडात फिरत राहिला. ज्या माणसानं पोटची पोर चिरडली त्याच्या साच्याला ती खाली बसून मोजा चढवत होती आणि आपण, देवाशी बोलणारे आपण, कानस चालवून आलो होतो! लाजेनं त्याचे कान तापले. ताट तसंच ठेवून तो खाली आला तेव्हा साचा तयार होता. मोजा ताणून बसवलेला, एक सुरकुती नाही, आणि वर फुलपाखराची गाठ. बायकोच्या नखांच्या कडा पांढऱ्या झाल्या होत्या. ती त्याच्याकडे न बघता जिना चढून गेली.

मोजा काढून थर पुन्हा चढवायला कितीसा वेळ लागला असता? पण ती गाठ सोडायला त्याचा हात धजला नाही, आणि सोडली असती तर का सोडली ते तिला सांगावं लागलं असतं. त्यानं साच्याची घासलेली बाजू भिंतीकडे वळवली आणि भट्टी पेटवली. शीट तापून मऊ झाली, ती साच्यावर ओढली, दाबली, थंड केली. मग आतलं प्लास्टर फोडून बादलीत टाकलं, नजर दुसरीकडे ठेवून. प्रत्येक पायात तो हात घालून आतून चाचपून बघत असे. या पायात त्यानं हात घातला नाही. आत काय आहे ते त्याला पाठ होतं.

ड्रायव्हर आला त्या दिवशी शिंपीही गळ्यात टेप घालून हजर झाला. फुकटचा तमाशा त्यानं कधी सोडला नव्हता. बायको जिन्याच्या मधल्या पायरीवर येऊन बसली. ती कशाला आली ते शिंप्याला कळलं नाही. मिस्त्रीला वाटलं, आपली परीक्षा बघायला आली.

ड्रायव्हरनं पाय घातला, पट्टा आवळला आणि उभा राहिला. मिस्त्रीनं दात आवळले. एक पाऊल, दुसरं. ड्रायव्हर भिंतीपर्यंत गेला, वळला आणि परत आला. त्याचा चेहरा विचित्र झाला होता.

"दुखतंय?" मिस्त्रीनं विचारलं.

"दुखतच नाही!" ड्रायव्हर म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "मिस्त्री, गोटीपाशी तर काही लागतच नाही. आईच्यान सांगतो, स्वतःचा पायसुद्धा इतका हलका नव्हता."

तो पुन्हा चालला, मग वेगानं चालला. मग भिंतीपाशी जाऊन त्यानं स्टूल ओढलं, त्यावर बसला आणि उजवं पाऊल भिंतीवर टेकवून जोरात दाबलं. एकदा, दोनदा.

"ब्रेक बसतोय," तो खुशीत म्हणाला. "सोमवारपासून गाडीवर. मालकानं सांगितलंय, पाय दाखव आणि किल्ली घे."

शिंप्यालासुद्धा काही सुचलं नाही, आणि हे त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

"खरं सांगू?" ड्रायव्हर आवाज खाली आणून म्हणाला. "मला वाटलं होतं, तुम्ही काहीतरी खोट ठेवाल. मी तुमच्या जागी असतो तर ठेवली असती. पण देव तारी त्याला कोण मारी, नाही का?"

"देवमाणूस आहेत आमचे मिस्त्री!" शिंप्याला वाचा फुटली. "दिला शब्द पाळणारे!"

"जरा काढा," मिस्त्री कसाबसा म्हणाला. "स्क्रू आवळतो."

त्यानं पाय हातात घेतला, त्यांच्याकडे पाठ केली आणि आत हात घातला. जिथे टोक हवं होतं तिथे त्याच्या बोटाला खोलगा लागला. चांगला ऐसपैस, मोठ्या गोटीएवढा. त्यानं स्वतः कधी इतकी जागा ठेवली नसती. त्याला बायकोची पांढरी नखं आठवली. त्यानं जिन्याकडे बघितलं. ती दोन्ही हातांनी कठडा धरून ड्रायव्हरच्या चेहऱ्याकडे बघत होती, अजून काहीतरी व्हायचं राहिलंय अशा आशेनं.

पाय परत चढवून ड्रायव्हर मिस्त्रीच्या पाया पडून गेला. वाकता येतं हेही त्याला दाखवायचं होतं. त्याच्या कुबड्या कोपऱ्यातच राहिल्या. शिंपी बातमी घेऊन त्याच्यामागून धावला. रस्त्यावरून पावलं ऐकू येत राहिली, दोन्ही सारखीच.

बायको खाली आली. "का दुखलं नाही त्याला?"

मिस्त्रीनं तिच्या नखांकडे बघितलं.

"मी माझ्या हातानं टणक गाठ बसवली होती हो! तुमच्याच डब्यातलं प्लास्टर घेऊन. बरोबर त्या जांभळ्या डागावर, एवढी मोठी. वरून मोजा ओढला. पहिल्या पावलाला किंचाळायला हवा होता तो. कुठे गेली माझी गाठ?" तिचा आवाज फाटला. "त्याच्यासाठी विरघळवली तुमच्या देवानं? माझ्या पोरीला वाचवायला एक फूट ट्रक बाजूला घेता आला नाही त्याला, आणि या मेल्याच्या गोटीसाठी धावून आला?"

एवढं तिला मानू द्यावं, असं मिस्त्रीला क्षणभर वाटलं. खरं सांगणं त्याहून वाईट होतं. पण खोट ठेवायची तेवढी त्यानं एकदा ठेवून पाहिली होती.

"देवानं काही केलं नाही," तो म्हणाला. "तू केलंस. साच्यावर चढवलं की पायात खड्डा पडतो. सगळं उलटं असतं यात. तुझी गाठ होती म्हणून त्याला तिथे जागा मिळाली."

ती बघत राहिली.

"आणि मी कानशीनं घासला होता तो. तू यायच्या आधी. तू हात लावला नसतास तर चार-पाच दिवसांत त्याचं रक्त सांडलं असतं."

ती हळूच खाली बसली, पांढऱ्या धुळीत. मग हसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा, आणि ते हसू ऐकवेना. "म्हणजे तुम्ही त्याला दुखवायला निघालात, मी त्याला दुखवायला निघाले, आणि दोघांनी मिळून त्याला राजासारखा पाय करून दिला."

"माझ्या लेकराला केला असता, त्याहून चांगला," मिस्त्री म्हणाला. "ऐक. तो गाडी चालवणार आहे. दुखला असता तर ब्रेक दाबताना त्यानं पाय आखडता घेतला असता. कोणाचं तरी पोर पुन्हा..."

"कोणाचं तरी," ती म्हणाली. "माझं नाही."

मिस्त्रीनं ड्रायव्हरच्या कुबड्या उचलून भिंतीला लावल्या. देव दारातून येतो असं त्यानं ऐकलं होतं, विचारून येतो असं कोणी म्हटलं नव्हतं. इतका वेळ त्याला देवाचा राग येत होता. आता भीती वाटत होती. आज्ञा मोडायलासुद्धा देवानं त्या दोघांना मोकळं सोडलं नव्हतं.

"तो परत येणार?" बायकोनं विचारलं.

"येणार. खुंट सुकतो, पाय सैल होतो. मग नवा करावा लागतो."

"हं." तिनं पदरानं नखं पुसली, एकेक करून. "म्हणजे पुढच्या वेळी चढवायचं नाही, घासायचं."

"पुढच्या वेळी मोजा मीच चढवीन," मिस्त्री म्हणाला. "तू खाली यायचं नाहीस. शब्द मी दिलाय."

"नाही येणार," ती म्हणाली आणि जिन्याकडे वळली. "पण कानस तुमच्याजवळच असते ना?"

ती वर गेली. मिस्त्री कानस हातात घेऊन उभा राहिला. ती कुठे ठेवली म्हणजे आपल्याला सापडणार नाही, हे त्याला सुचेना.